आक्का टँकरमध्ये बसल्या तो दिवस

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या माजी नगराध्यक्षा वारल्या. सगळं गाव त्यांना आक्का म्हणायचं. मी नगरपालिकेत पाणीपुरवठ्याची कारकून. त्यांची पाच वर्षं मी रोज फायली घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

आक्का मेंढपाळ घरातल्या. जागा बायकांसाठी राखीव झाली म्हणून घरच्यांनी त्यांना उभं केलं. सह्या आक्का करणार, कारभार धाकटे दीर बघणार, असं सगळे धरून चालले होते. पहिल्याच दिवशी दीर खुर्ची ओढून टेबलाशी बसले. आक्का शेंगा सोलत म्हणाल्या, "भावजी, तुमी घरला जावा. मला आज उशीर हुईल, तवा म्हशींचं तेवढं बगा." शिपायाला हसू आवरेना.

आमचं गाव जतच्या अलीकडं, कोरड्या पट्ट्यात. उन्हाळा टँकरवरच निघतो. अशाच एका उन्हाळ्यात मी फेऱ्यांचं रजिस्टर सहीला नेलं. आक्कांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"माळावरच्या वस्तीला आठवड्यात दोन फेऱ्या? तिथली म्हातारी काल मला बाजारात भेटली. पंदरा दिस झालं, टँकर न्हाई म्हनाली."

त्यांनी रजिस्टर माझ्याकडं फिरवलं.

"तुमाला ठावं हुतं?"

"होय, आक्का," मी खाली बघत म्हटलं. ड्रायव्हर सांगेल ते मी लिहीत होते. पाणी कुठं जातं ते ऑफिसात सगळ्यांनाच माहीत होतं, पण विचारायची छाती कुणाची नव्हती. आता नोकरी गेली, असं मला वाटलं.

आक्कांनी पेनाला टोपण लावलं. "मग उद्या सकाळी चला माज्यासंगं."

सकाळी आम्ही दोघी टँकरच्या केबिनमध्ये चढलो. ड्रायव्हर घामाघूम. "आक्का, जीप आणतो की."

"नगं. रोज जातोस तसाच चल."

टँकर वळला तो थेट त्यांच्या दिरांच्या मंगल कार्यालयात. आत सनई वाजत होती. पाइप टाकीला लागणार, तोच दीर धावत आले.

"वैनी, आज लगीन हाय. घरचंच हाय न्हवं?"

"घरचं हाय म्हनून तर आदी हितला पाइप काढते. तुमी इकतचा टँकर मागवा."

वऱ्हाडी बघत राहिले. दिरांचा चेहरा लालबुंद झाला. ड्रायव्हरनं निमूट पाइप गुंडाळला.

वस्तीवर बायका घागरी घेऊन पळत आल्या. आक्कांनी पाइप स्वतः धरला, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं, आणि म्हाताऱ्यांना आधी, म्हणून त्या तरण्या पोरींवर ओरडत होत्या. परतताना मात्र लुगड्याचा ओला काठ पिळत त्या म्हणाल्या, "आता घरात माजं काय खरं न्हाई."

तसंच झालं. दोन वर्षं दीर त्यांच्याशी बोलले नाहीत. "ताट वाडलं की जेवत्यात, पर शबूद न्हाई," असं सांगताना एकदा त्यांचे डोळे भरून आले. माझ्या रजिस्टरबद्दल मात्र त्यांनी कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. त्यानंतर टँकर आला की वस्तीवरच्याच दोन बायकांची सही घ्यायची, एवढा नियम त्यांनी घातला. पुढच्या निवडणुकीत त्यांना तिकीट मिळालं नाही. "बरं झालं, शेरडं वाट बगत हुती," म्हणत त्या घरी गेल्या.

शेवटचं वर्ष आजारपणात गेलं. दर खेपेला सांगलीच्या दवाखान्यात त्यांना गाडीनं नेलं ते दिरांनीच. अंत्ययात्रेनंतर ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"बाई, आदी मी रागानं बोलत नव्हतो. राग कवाच गेला, पर मग लाजंनं तोंड उघडंना. दोन वर्सांनी शेवटाला वैनीच म्हनाली, भावजी, चा गोड झालाय का?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"लय गोड झालाय म्हनलो." टॉवेलनं तोंड पुसत ते म्हणाले, "साखर टाकायचीच इसरली हुती ती."