दादाच्या पँटचा खिसा

युद्धातून दादा परत आला तेव्हा त्याचा उजवा हात मनगटापासून गेला होता. मी तेव्हा साताऱ्यात एका गाळ्यात मशीन टाकून पँटी शिवत होतो. दादा दिवसभर पलटणीतली जुनी पँट घालायचा. तिचे खिसे चांगले रुंद आणि खोल होते. त्यात हात कोपरापर्यंत घालून तो पारावर उभा राहिला, तर अनोळखी माणसाला काही कळायचं नाही.

दोन वर्षांनी मामानं सांगली जिल्ह्यातलं एक स्थळ आणलं. हाताचं मुलीच्या वडिलांना आधीच सांगितलं होतं. ती पँट आता विरली होती, म्हणून दादा माझ्याकडं आला.

"नवी शिव. पर खिसा असाच ठेव, खोल. मला हात ठेवाय लागतो."

बेलबॉटमचे ते दिवस. मांडीला घट्ट, खाली घोळदार. वर तिरके, छोटे खिसे. कॉलेजची पोरं माझ्याकडं रांग लावायची. माझा भाऊ उंच, छाती भरदार. त्याला मुलीकडच्यांनी बघतच राहावं, असं माझ्या मनात होतं. मोठा खिसा लावला की मांडीवर फुगा येतो, सगळी कटिंग बिघडते.

"दादा, आता तसलं कुणी घालत न्हाई," मी म्हणालो.

"बघ बाबा. तुला कळतंय त्यातलं."

मुलीच्या घरी सतरंजीवर बसल्याबसल्या त्यानं हात खिशात घालायला सुरुवात केली. बसल्यावर कापड आणखी ताणलं होतं. हात निम्मा आत गेला आणि अडकला. त्यानं जरा जोर केला, तशी शिवण टर्रकन उसवली. सगळ्यांनी तिकडं पाहिलं. मुलगी नेमकी तेव्हाच पोह्यांच्या बशा घेऊन आली. दादा तसाच, अर्धा हात फाटक्या खिशात घालून, मान खाली घालून बसला. तिनं बशी पुढं केली, ती घ्यायला त्याचा डावा हातही उठला नाही.

परतीच्या एसटीत तो खिडकीकडं तोंड करून बसला होता. कराड गेल्यावर म्हणाला, "खोल ठेव म्हनलं हुतं रं."

एवढंच. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आठ दिवसांनी नकार आला. हाताचं आधीपासून माहीत होतं, पण माणूस बावळट वाटला, असं त्यांनी कळवलं. माझा भाऊ, ज्यानं बारा जवान हाताखाली सांभाळले होते, तो बावळट!

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी दुकान उघडताच जुन्या बेतानं, हातभर खोल खिशांची पँट शिवली आणि घरी नेऊन त्याच्या पुढ्यात ठेवली. त्यानं ती उलगडलीसुद्धा नाही.

"आता कुठं जायचं हाय मला?"

त्यानंतर दुसरं स्थळ त्यानं बघू दिलं नाही. मळ्यात खोपीवर राहू लागला, धोतर नेसू लागला. माप घ्यायला म्हणून मी टेप घेऊन गेलो, की उठून विहिरीकडं जायचा.

बेलबॉटमची चलती आणखी बरीच वर्षं राहिली. मी ढिगानं शिवल्या. लोक म्हणायचे, याच्या हाताला फिटिंग लय भारी हाय.