सुभद्राबाईंनी मारलेलं बूच

सुभद्राबाईंइतकी घाबरट बाई मी उभ्या सुरतेत पाहिली नाही. पोलीस दिसला की त्या रस्ता बदलायच्या. तापीला पूर आल्याची नुसती बातमी आली तरी घरातलं पीठमीठ फळीवर चढवायच्या. आणि अशा बाईला नशिबानं काम कोणतं दिलं, तर उधन्याच्या नगीनभाईंच्या सोडा कारखान्यात बाटल्यांना बुचं मारायचं.

बुचाचं मशीन म्हणजे बाकाला ठोकलेला एक लोखंडी खांब. वर दट्ट्या, बाजूला हातभर लांब दांडा. खालच्या वाटीत भरलेली बाटली ठेवायची, तोंडावर पत्र्याचं बूच टाकायचं आणि दांडा खाली ओढायचा. कट् आवाज झाला की बुचाची कातरलेली कड बाटलीच्या गळ्याला आवळून बसे. काचेला कुठं बारीक चीर असली तर मात्र बाटली तिथंच फुटायची आणि काचा तोंडावर यायच्या. माझ्या पहिल्या चार वर्षांत अशा तीन बाटल्या फुटल्या. सुभद्राबाईंना एकदाही लागलं नाही, पण त्या पदर डोळ्यांपर्यंत गुंडाळून बसायच्या आणि दांडा ओढताना दर वेळी डोळे मिटायच्या. दिवसाला हजारभर बाटल्या, म्हणजे हजार वेळा डोळे मिटायचे. मी समोरच्या हौदावर बाटल्या धुवायचो आणि तिथून त्यांच्या नकला करायचो. सगळे हसायचे, त्यासुद्धा.

त्या अमळनेरकडच्या, मीही तिकडचाच. नवरा गेल्यावर एकसष्ट साली लेकीला, प्रमिलाला, कडेवर घेऊन त्या भावाकडे सुरतेला आल्या, आणि भावानं महिन्याभरात कामाला लावून दिलं. कारखान्यात दिवसभर गुजराती चाले, पण हौदाच्या बाजूला आम्ही दोघं अहिराणीत बोलायचो. माझ्यापेक्षा त्या बारा-पंधरा वर्षांनी मोठ्या असतील. माझ्या डब्यात भाजी नसली की स्वतःच्या डब्यातली अर्धी माझ्या झाकणात काढून द्यायच्या. हे सगळं सांगतोय ते एवढ्यासाठी की माझं त्यांच्याशी काही वाकडं नव्हतं. वाकडं असतं तर मला एवढा त्रास झाला नसता.

आमच्या कारखान्यात एक रीत पडली होती. ज्याला जे घरी न्यायचं असेल ते तो जुन्या बाटलीत भरायचा आणि सुभद्राबाईंकडून बूच मारून घ्यायचा. कोणी घासलेट, कोणी फिनेल, कोणी गावी न्यायला शेंगदाण्याचं तेल. त्यांचं बूच कधी गळत नसे. नगीनभाईंना हे माहीत होतं, पण ते काही बोलत नसत.

मी न्यायचो कॉस्टिकचं पाणी. बाटल्या धुवायला हौदात कॉस्टिक टाकत. माझा भाऊ सुकदेव लूमवर तेलपाणी करायचा, आणि त्याच्या कपड्यांचं काळं तेल साबणाला दाद देत नसे. बादलीत थोडं कॉस्टिक टाकलं की मळ सुटायचा. एकदा मी बाटलीला कागदाचा बोळा लावून ती पिशवीत टाकली होती. वाटेत बोळा निघाला आणि मांडीवर ओघळ आला. ओघळ आला तेवढी कातडी सोलून निघाली आणि मी पंधरा दिवस फेंगडा चाललो. तेव्हापासून मीही बूच मारून घेऊ लागलो.

एकाहत्तर सालचा वैशाख. लग्नसराईमुळे श्वास घ्यायला फुरसत नव्हती. त्या सकाळी मी एक बाटली तोंडापर्यंत भरून सुभद्राबाईंसमोर ठेवली.

"बाई, हाई बाटलीले बूच मारी दे. दोन डाव दाब."

"काय शे यामा? कॉस्टिक?" त्यांनी हात मागे घेतला. "माले भ्याव लागस, लोटू."

"मंग डोया मिची ले, रोजनामायक."

त्यांनी डोळे मिटले, दोनदा दांडा ओढला आणि बाटली बाकाखाली सरकवून दिली. मी हसत हौदावर गेलो.

अकराच्या सुमाराला पाणी प्यायला आलो तेव्हा बाकाखाली पाहिलं. बाटली नव्हती.

आधी वाटलं, कोणी सरकवली असेल. बाकाखाली, पेट्यांमागे, गोण्यांमागे शोधलं. मग माल मोजून देणाऱ्या जमादाराला सहज विचारल्यासारखं विचारलं की सकाळी माल किती गेला. तो म्हणाला, दहा पेट्या डिंडोलीला, उखा मिस्तरींच्या मुलाच्या लग्नाला. एका पेटीत एक बाटली कमी पडत होती, ती निंबानं कुठून तरी घालून पेटी पुरी केली. निंबा म्हणजे आमचा हातगाडीवाला. तो गाडी घेऊन कधीच निघून गेला होता.

साधा सोडा आणि कॉस्टिकचं पाणी, दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ. बाटली तीच, बूच तेच. उन्हातून आलेला माणूस सोडा घोट घोट पीत नाही, डोकं मागे टाकून घशात ओततो. मला माझी मांडी आठवली. मांडीचं असं झालं तर घशाचं काय होईल, हे मनात आलं.

सुभद्राबाईंच्या कानाशी जाऊन सांगितलं. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं की त्या रडायला लागतील, आणि मग मीच त्यांना समजावीन की होईल काहीतरी, आपण गप्प बसू. मी तसं म्हणालोही. "निंबानी रस्तामा फोडी टाकी व्हई."

"आनि नही फुटनी तं?" त्यांनी दांडा सोडला. "ऊठ. सायकल काढ."

नगीनभाई बाजारात गेले होते. विचारायला कोणी नव्हतं, आणि असतं तरी त्या थांबल्या नसत्या. ज्या बाईला सायकलची घंटी ऐकून गटारात उतरायची सवय, ती माझ्या कॅरिअरवर बसली. माझा सदरा मागून दोन्ही मुठींत धरला होता. त्यांचा थरकाप मला पाठीत कळत होता. की तो माझाच होता, देव जाणे.

रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी अगदी फाटकात येऊन उभी राहिलेली. आम्ही तिथे किती वेळ थांबलो कोण जाणे, दहा मिनिटं असतील, मला तासभर वाटला. मी मनात नाना तऱ्हेचे हिशेब मांडत होतो. कोणी मेलं तर पोलीस येतील. बाटली कोणाची, विचारतील. मला फाशी होईल का? बायकोला दिवस गेले होते. मला पिणाऱ्याची काळजी वाटत होती की माझी, हे त्या फाटकात उभं राहून मला सांगता आलं नसतं. आज सांगता येतं. माझी.

डिंडोलीच्या मांडवाचा बँड लांबूनच ऐकू आला. मी सायकल बाभळीला टेकवली आणि त्यांना थांबवलं. माझा बेत सोपा होता. मांडवात शिरायचं, मदत करणाऱ्यासारखं बाटल्यांच्या टोपात हात घालायचा, ती बाटली शोधून सदऱ्याखाली घालायची आणि निघायचं. बोभाटा नको. ओळख सोपी होती. सोड्याच्या बाटलीत गळ्याशी दोन बोटं जागा रिकामी असते, माझी तोंडापर्यंत भरलेली होती.

मी बोलत होतो तोवर सुभद्राबाई मांडवात पोचल्यासुद्धा.

बर्फाच्या लाद्या टाकलेल्या दोन मोठ्या टोपांत बाटल्या होत्या आणि एक माणूस फटाफट बुचं उडवून वाटत होता. पंगतीच्या कडेनं सगळ्यांच्या हातात बाटल्या. सुभद्राबाई ओरडल्या. बँडपुढे कोणाला ऐकू येणार? तेव्हा त्या सरळ ढोलवाल्यापुढे गेल्या आणि ढोलावर दोन्ही तळहात दाबून उभ्या राहिल्या. ढोल थांबला, मग बाकीचे वाजवणारे एकेक करून थांबले. सगळा मांडव त्यांच्याकडे बघायला लागला.

"कोन्हीच सोडा पेऊ नका," त्या म्हणाल्या. "एक बाटलीमा कॉस्टिक शे. आतडं जयी जाई."

क्षणभर कोणाला अर्थच लागला नाही. मग एकदम गलका झाला. बाया पोरांच्या हातातल्या बाटल्या हिसकावू लागल्या. ज्यांनी आधीच पिऊन टाकला होता ते गळ्याला हात लावून एकमेकांची तोंडं बघू लागले. एक म्हातारा तर मला जळतंय, मला जळतंय म्हणत खालीच बसला, त्याला काही झालेलं नव्हतं. नवऱ्या मुलाचे वडील, उखा मिस्तरी, पांढरेफटक पडले होते. आम्ही टोप उपसले. एकेक बाटली उन्हाकडे धरून गळा पाहिला. माझ्या हातातून दोन निसटून फुटल्या. तोंडापर्यंत भरलेली एकही नव्हती. मग रिकाम्या बाटल्या. सुभद्राबाई प्रत्येकीत बोट घालून चोळून बघत होत्या, कारण कॉस्टिक बोटाला बुळबुळीत लागतं. तिथेही काही नाही.

मला हायसं वाटलं. वाटलं, निंबानं ती वाटेत फोडलीच असणार.

तेवढ्यात उखा मिस्तरी कोणाला तरी म्हणाले, "नवरीले चक्कर येत होती. घरमा एक धाडी होती ना?"

सुभद्राबाई घरात धावल्या. मी मागोमाग. आतल्या खोलीत नवरी भिंतीला टेकून बसली होती, सतरा-अठराची, सकाळपासून उपाशी, ओठ सुकलेले. दाराशी तिची मावशी कडीच्या खाचेत बाटली अडकवून बूच उचकटत होती. दोनदा दाबलेलं बूच, निघत नव्हतं. अर्धं वर आलं होतं आणि पाणी मावशीच्या बोटांवर झिरपत होतं. ती ओल पदराला पुसत मावशी म्हणाली, "काय चिकट शे वं हाऊ सोडा." नवरीनं तोपर्यंत हात पुढे केला होता.

सुभद्राबाईंनी बाटलीवर झडप घातली. बूच उडालं आणि बरंचसं पाणी त्यांच्या उजव्या हातावर, कोपरापर्यंत आलं. त्यांनी बाटली मात्र खाली ठेवली नाही, भिंतीशी जाऊन मोरीत ओतून टाकली आणि मगच हात पुढे केला. मी रांजणातलं पाणी तांब्यानं ओतत राहिलो. हातावरची कातडी माझ्यासमोर पांढरी होत गेली. नवरी रडत होती. तिला काय झालं ते अजून कळलेलं नव्हतं, सगळे घाबरलेत म्हणून ती घाबरली होती.

बाहेर आणल्यावर माणसांनी आम्हाला घेरलं. उखा मिस्तरींचा आवाज चिरकला होता.

"कोनी शे ती बाटली?"

आता ह्या माझ्याकडे बघतील, आता नाव घेतील, म्हणून मी मान खाली घालून उभा. अंगावर हात पडायची वाट बघत होतो.

"मन्हीच," सुभद्राबाई म्हणाल्या. "बूच मी मारेल शे, तं मन्हीच."

मला वाचवायला त्या खोटं बोलल्या असं मी पुष्कळ वर्षं मानत होतो. तसं मानलं की बरं वाटायचं, कोणीतरी आपल्यासाठी केलं म्हणून. पण त्यांचा चेहरा मी पाहिला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांच्या लेखी ते खरंच होतं. बाटली उघडी असताना शेवटचं ज्यानं पाहिलं त्याची ती बाटली. मी तिथं एक शब्द बोललो असतो तर पुरे होतं. मी मूग गिळून उभा राहिलो. एका बाईनं त्यांच्या तोंडावर चप्पल मारली, तरीही.

दुसऱ्या दिवशी नगीनभाईंनी सगळ्यांसमोर त्यांना सांगितलं, "काल थी आववानुं नथी." म्हणजे उद्यापासून कामावर यायचं नाही. मग चष्म्यातून आमच्याकडे बघून त्यांनी मला बोलावलं आणि दांडा माझ्या हातात दिला. मी तो घेतला. अकरा वर्षं मी त्या मशीनवर बसलो, आणि बूच मारायच्या आधी प्रत्येक बाटली उजेडाकडे धरायचो. नगीनभाई म्हणायचे, लोटू फार जबाबदार माणूस. ते ऐकलं की मी पुढची बाटली उचलायचो.

सुभद्राबाई पुढे घरी बसून साड्यांचे धागे कापायच्या. उजव्या हाताची दोन बोटं नीट मिटत नव्हती, म्हणून डाव्या हातात कात्री. गल्लीत त्यांना कोणी लग्नाला बोलावीना. प्रमिलाचं एक चांगलं स्थळ आलं होतं, ते डिंडोलीची गोष्ट कानावर जाताच परत गेलं. मी सणावाराला जाऊन यायचो. त्या चहा करायच्या, माझ्या पोरांची विचारपूस करायच्या. त्या बाटलीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. दर वेळी जिना चढताना मला वाटायचं, आज त्या बोलतील. उतरताना वाटायचं, सुटलो.

एकोणऐंशी साली काविळीनं त्या गेल्या. दहाव्याला मी गेलो होतो. बायका दाराशी कुजबुजत होत्या, हीच ती, जिनं लग्नात विष पाठवलं होतं. प्रमिलानं ते ऐकलं. ती तेव्हा विशीची, सुरतेतच वाढलेली. उठून माझ्यासमोर येऊन बसली.

"काका, साचुं सांगा," ती म्हणाली. "तुम्ही तर तिथंच होते. आईनं खरंच भरली होती का ती बाटली?"

सुकदेव शेजारी होता. माझी बायको होती. दाराशी त्या बायका होत्या.

"गर्दी फार होती, पोरी," मी म्हणालो. "मला नीट दिसलं नाही."