धुऱ्याजवळचा ठिपका

"मले दिसून नाई राह्यलं."

आमच्या बाई हे कशालाही म्हणायच्या. नकाशाला, भाषणाला, पेपरातल्या अग्रलेखालासुद्धा. म्हणताना चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि आपण पाठीमागे काही लपवलं असावं तसं आपल्याकडे बघायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यासमोर ठासून सुरू केलेलं वाक्य अर्ध्यातच बसकण मारतं.

बाई आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा वर्ग घ्यायच्या. निवृत्तीनंतर आरमोरीला आल्या, आणि धान निघालं की आपल्या झाडीपट्टीत, रिकाम्या बांधीत म्हणजे धानाच्या खाचरात, जी नाटकं सुरू होतात, त्यांच्यासाठी मंचाचे आणि दिव्यांचे नकाशे काढून देऊ लागल्या. मी शेजारच्या खोलीत भाड्याने राहायचे. माझं बालपण कोरपन्याला चळवळीच्या पत्रकांच्या घड्या घालण्यात गेलं, हे त्यांना कळलं आणि माझं नाव संपलं. "काय वं पत्रकवाली!" एवढीच हाक.

मी एक नाटक लिहिलं होतं. गावाचं जंगल खाणीला जाणार असतं आणि ग्रामसभेत एक म्हातारी उठून 'नाही' म्हणते. मंचाच्या मधोमध खाणीच्या साहेबाची पुरुषभर उंच खुर्ची. सत्ता दिसलीच पाहिजे ना! मी नकाशा ऐटीत बाईंपुढे ठेवला.

"मले दिसून नाई राह्यलं."

"चष्मा खाली घ्या न बाई."

"चष्मा ठीक हाये. मी कुठी बसू ते सांग. मंच काढला, खुर्ची काढली. पाहनारं मानूस कुठी हाये?"

त्यांनी मंचाबाहेर, पार कडेला, शेताच्या धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाला लागून, पेन्सिलने एक ठिपका दिला. आमच्याकडे बायका तिथेच बसतात. ठिपक्यापासून पट्टी लावून रेघ ओढली. रेघ खुर्चीच्या पाठीवर जाऊन आपटली. माझी म्हातारी त्या खुर्चीआड उभी होती.

"पण तिचं बोलणं ऐकू येईल," मी म्हटलं.

"आयकू तं रेडिओबी येते. मंग लोकं बांधीत कायले येतीन?"

"मग बायकांना मधे बसवू."

"तू बसवशीन? लेकरू रडलं तं लोकाइच्या मांड्या तुडवत उठन का त्याची माय? कडेलेच बसन. तू खुर्ची हटव."

मी चिडले. आमच्या जंगलावर मापाच्या साखळ्या टाकत आले ते मोजणीवालेच. मी पट्टी हातात धरणार नाही, असं काहीबाही बोलले. छापलं असतं तर चांगलं पत्रक झालं असतं. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हनूनच शिक," त्या म्हणाल्या. "साहेब नकाशा टेबलावर पसरवते, अन् आपले मानसं त्याच्या तोंडाकडं पाहत रायतेत. नकाशाकडं कोनी पाहतच नाई."

दुसऱ्या दिवसापासून मी शिकायला बसले. त्यांनी वांगं उभं कापून काढायला लावलं, मग दुसरं आडवं कापून. "पाह्यलं? वांगं तेच, पोट येगयेगळं. याले सेक्शन म्हन्तेत. आता भाजी टाक." तशाच छेदात दिव्यापासून चेहऱ्यापर्यंत तिरपी रेघ काढायला शिकवलं. दिवा फार डोक्यावर आला की कपाळ उजळतं आणि डोळे खोबणीत बुडतात. "नाई म्हननारीचे डोळे दिसाले पाह्यजे वं. कपाळ पाहून साहेब थोडीच भिते?"

मंच उभा राहिला की दुपारीच बाई रिकाम्या बांधीत जायच्या, धसकटांवर शाल टाकून त्या कडेच्या कोपऱ्यात बसायच्या आणि तिथून ओरडायच्या, "मले दिसून नाई राह्यलं!" की मंच बांधणारी पोरं कण्हत बाजूचा पडदा हलवायची. एकदा त्यातला एक वैतागून म्हणाला, "बाई, आता नाटक धुऱ्यावरच करून टाकू!"

"कर न बापा. मंग मधातले बोंबलतीन. त्याइलेबी बोंबलू दे एखांदा साल."

माझा नकाशा मी पुन्हा पुन्हा काढला. खुर्ची बुटकी झाली, मागे गेली, शेवटी एका कडेला गेली. दर वेळी बाई ठिपक्यावर बोट ठेवायच्या आणि चष्मा वर सरकवायच्या. त्यांच्या तोंडून एकदा 'दिसते' ऐकायचं होतं मला. टाळ्या नकोत, कौतुक नको. तेवढा एक शब्द.

धान निसवत होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या, तेव्हा बाई गेल्या. दोन दिवसांचा ताप, बस्. शेवटचा नकाशा त्यांना दाखवायचा राहिला.

कापणीनंतर माझं नाटक लागलं. दुपारी मंच बांधून झाला, तशी मी त्या कोपऱ्यात जाऊन बसले. खुर्ची दिसत होती. म्हातारीची जागा दिसत होती. अंधारून आल्यावर दिवा लावून त्याखाली एका पोराला उभं केलं, त्याचे डोळेही दिसले. मी सरकून बसले, वाकून पाहिलं, मान तिरपी केली. काहीतरी आड यावं असं मला फार वाटत होतं.

जागा धरायला बायका बोऱ्या घेऊन आल्या. "उठ न वं," एक म्हणाली, "आमची जागा हाये."

"इथून दिसते का?"

तिने कडेवरच्या लेकराला सावरत मंचाकडे पाहिलं. "दिसते न. सारंच दिसते. तू हट फक्त."

मी उठले, मंचाकडे निघाले. अर्ध्या बांधीत आल्यावर पाय आपोआप थांबले. मंचाकडे तोंड करून, त्या कोपऱ्याकडे पाठ करून, मी थोडा वेळ तशीच उभी राहिले.

मागून कोणीच ओरडलं नाही.