चिमटीत बसवलेली मावशी

ऑफिसात त्यांना सगळे नकाशाबाई म्हणतात. प्रवास कंपनीत त्या ज्या टेबलाशी बसतात, त्याच्या काचेखाली किनाऱ्यावरच्या मोठमोठ्या शहरांचे नकाशे आहेत, कडा पिवळ्या पडलेले. शहरांत नवे पूल झाले, बोटींचे धक्के इकडचे तिकडे गेले, नकाशे मात्र तेच. बाई त्यांच्याकडे बघतही नाहीत. गिऱ्हाइकाला बोट ठेवायला काहीतरी लागतं, म्हणून ते तिथे.

टेबलासमोर खुर्च्या तीन. दोन आईवडिलांच्या. तिसरी जरा बाजूला, खिडकीकडे वळवलेली. तिच्यावर घरातलं वयात आलेलं पोर बसतं, मोबाइलमध्ये डोकं खुपसून, आपल्याला इथे ओढून आणलंय असा चेहरा करून. आईवडील बोलत असतात तेव्हा बाई मान त्यांच्याकडे हलवतात आणि नजर तिसऱ्या खुर्चीवर ठेवतात. 'मत्स्यालय' म्हटलं की मोबाइलवरचा अंगठा सरकत राहतो. 'रात्रीची बोट' म्हटलं की थबकतो. बाईंची सगळी आखणी त्या अंगठ्यावरून होते. मोठी मुलं असलेल्या घरांची सहल म्हटली की मालक दुसऱ्या कोणाकडे पाठवतच नाहीत. मुलांची खोली आईवडिलांच्या शेजारी घ्यायची नाही, समोर घ्यायची. उपाशीपोटी वस्तुसंग्रहालय दाखवायचं नाही. एक संध्याकाळ अशी सोडायची, की कोण कुठे गेलं हे कोणी कोणाला विचारणार नाही. त्यांच्याकडून जाऊन आलेली कुटुंबं परत आल्यावरही एकमेकांशी बोलत असतात, असं तिकिटांच्या टेबलावरचा सहकारी म्हणतो. या धंद्यात ही मोठी शाबासकी आहे.

त्यांची आणखी एक युक्ती ऑफिसभर प्रसिद्ध आहे. मोठ्या शहरात प्रत्येकाचं कोणी ना कोणी असतं. चुलत दीर, मामेसासू, जुने शेजारी. भेटलं नाही तर ते रुसतात आणि भेटलं तर सहलीचा अख्खा दिवस त्यांच्या सोफ्यावर जातो. अशा नातेवाइकांना बाई जेवण आणि परतीची गाडी यांच्या मध्ये बसवतात. जायचं ते सामान घेऊनच. दारात बॅगा दिसल्या की 'राहा' म्हणायची सोय उरत नाही. चहा होतो, मुलं किती मोठी झाली म्हणून होतं, आणि घड्याळ बघायला सगळे मोकळे. ऑफिसात याला चिमटी म्हणतात. 'यांचे काका कुठे टाकू?' 'चिमटीत टाक.' काम संपलं.

बाईंच्या घरीही हा शब्द रुळलेला आहे, कारण रात्रीच्या जेवणाला ऑफिसातले किस्से सांगायची त्यांची सवय. एका म्हाताऱ्या काकांनी पाहुण्यांसाठी गाद्या उन्हात घालून ठेवल्या होत्या, नव्या चादरी काढल्या होत्या, आणि मंडळी बॅगा मांडीवर घेऊन सोफ्याच्या कडेवर बसून निघाली, हा किस्सा बाईंनी इतक्या वेळा रंगवून सांगितला की मुलांना काकांचे संवाद पाठ आहेत. थोरली सतराची, धाकटा चौदाचा. दोघंही हसायचे. बाईंचे यजमान लिफ्टचे मेकॅनिक, ते सहसा ताटात बघून हसतात.

या वर्षी घरची सहल ठरली तीही किनाऱ्यावरच्या दोन मोठ्या शहरांची. पहिलं बंदराचं, नुसतं फिरायला. दुसऱ्यात मावशी राहते.

मावशी म्हणजे बाईंची धाकटी बहीण. पुष्कळ धाकटी, तिच्या वेण्या बाईंनी घातल्या, सायकलच्या मागे बाई धावल्या, तिला शाळेत पहिल्या दिवशी सोडून दाराआड उभ्या राहिल्या त्याही बाईच. आता ती एका बड्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात केक करते. पाळी दुपारनंतरची, त्यामुळे घरी येते मध्यरात्र उलटून आणि उठते सावकाश. लग्न केलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी बहिणीच्या मुलांना फोन करते आणि तास तास बोलते.

बाईंचं दुखणं तिथेच होतं. थोरली आईशी बोलते ती 'हो', 'नाही' आणि 'माहितीये' एवढ्यात. मावशीचा फोन आला की दार लोटून घेते आणि आतून हसण्याचा आवाज येतो. बाई त्या वेळी स्वयंपाकघरात आधीच घासलेला पेला पुन्हा घासत असतात. हळूहळू लेकीच्या तोंडी 'त्यात काय एवढं' आलं, तेही मावशीच्या हेलात. मग केस कापले गेले, मावशीसारखे, कानापर्यंत. छान दिसतायत, असं बाई म्हणाल्या. ते दिसतच होते छान, म्हणून जास्त झोंबलं.

आणि मग कॉलेजचं झालं. थोरलीला मावशीच्याच शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. ही बातमी बाईंना कळली ती बहिणीच्या फोनवरून. 'अभिनंदन गं ताई,' ती म्हणाली, आणि बाईंना 'कशाचं?' असं विचारावं लागलं.  पलीकडे बहिणीने जीभ चावली असावी. बाई 'अगं हो, आत्ताच सांगत होती' म्हणाल्या. लेक त्या वेळी अंघोळीला गेली होती.

उरला होता एकच प्रश्न, पोरीने तिथे राहायचं कुठे? थोरलीचं म्हणणं, मावशीकडे. बाईंचं म्हणणं, हॉस्टेल. शिस्त लागते, वेळेवर जेवण मिळतं, बरोबरीच्या मुली भेटतात, अशी कारणं त्या देत. ती खोटी नव्हती. त्यांच्यामागचं कारण मात्र त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. हॉस्टेलला गेलेली मुलगी सुट्टीला घरी येते. मावशीकडे गेलेली मुलगी घरीच असते.

सहलीत दोन्ही जागा बघू आणि मग ठरवू, असं यजमानांनी सुचवलं. सगळ्यांनी ते मान्य केलं. आखणी अर्थातच बाईंकडे आली.

त्यांनी ती ऑफिसात बसून केली, गिऱ्हाइकांची करतात तशी. पारदर्शक फोल्डरमध्ये घालून रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर ठेवली. बंदराच्या शहरात भरपूर मुक्काम, रात्रीची बोट, धाकट्यासाठी जुनं दीपगृह, एक संध्याकाळ मोकळी. दुसऱ्या शहरात सकाळी उतरायचं, कॉलेज बघायचं, हॉस्टेल सावकाश बघायचं, तिथल्या वॉर्डनबाईंशी बोलायचं, तिथेच मुलींच्या मेसमध्ये जेवायचं. नंतर मावशी. मग गाडी.

यजमानांनी जागा खिडकीच्या आहेत ना एवढं बघितलं. धाकट्याने दीपगृहाला किती पायऱ्या म्हणून विचारलं आणि उत्तर न ऐकता तो बशीकडे वळला. थोरलीने कागद शेवटपर्यंत वाचला. मग पुन्हा मागे जाऊन वाचला.

"आई, मावशीला चिमटीत बसवलंस?"

बाईंच्या हातात चहाचा कप होता. तो त्यांनी खाली ठेवला. घरात हा शब्द आपणच आणला आहे, हे त्यांच्या ध्यानात कसं आलं नाही, याचं त्यांना नंतरही नवल वाटत राहिलं. गिऱ्हाइकांना चिमटी दिसत नाही. या घरात ती शेंबड्या पोरालाही दिसली असती.

"गाडीच त्या वेळेची आहे," त्या म्हणाल्या.

"गाडी तू निवडतेस. लोकांचे काका काय आपोआप चिमटीत जातात?"

"काकांच्या गाद्या," धाकटा म्हणाला. कोणी हसलं नाही.

यजमानांनी वरच्या पंख्याकडे असं पाहिलं, जणू तो अडकला आहे आणि त्यांनाच बोलावलं आहे. बाई गाडीचं, रजेचं, मावशीच्या पाळीचं सांगत राहिल्या. तिला कामावर जायचं असतं, उगाच तिची झोपमोड. थोरलीने ऐकून घेतलं. मग फोल्डर नीट बंद करून आईकडे सरकवलं.

"तुम्ही तिघं जा. मी नाही येत. कॉलेज सुरू झालं की जाईनच मी तिकडे." आणि उठताना म्हणाली, "तेव्हा मला सोडायला येणार असाल, तर त्यातही गाडीचं बघूनच या."

पुढचे काही दिवस घरात सगळं वेळच्या वेळी झालं. भांडण झालेल्या घरात होतं तसं. ऑफिसात बाईंनी एका कुटुंबाला बंदराचं तेच शहर विकलं. आई, वडील, तिसऱ्या खुर्चीत एक मुलगी. मुलीची आई एकसारखी 'हिला विचारा, हिला काय आवडतं मला काही कळत नाही' म्हणत होती. एरवी बाई अशा आयांना हसून धीर देतात. त्या दिवशी त्यांना ती बाई आवडली नाही. एवढं उघड कशाला बोलायचं, असं त्यांना वाटलं.

दुपारी डबा खाऊन त्यांनी बहिणीला फोन लावला. ती कामावर निघायच्या गडबडीत असणार, हे माहीत असूनच त्यांनी ती वेळ धरली. फोनवरचीही ती चिमटीच होती. पण बहीण निवांत होती, त्या दिवशी तिची सुट्टी होती. सहलीच्या दिवसांचीही तिने आधीच रजा टाकली होती, तुम्ही येणार म्हणून. किती दिवस राहताय, असं तिने विचारलं.

"अजून पक्कं नाही," बाई म्हणाल्या.

मग बहिणीने थोडं आढेवेढे घेत विषय काढला. तिच्याकडची लहान खोली केकच्या साच्यांनी आणि एका बंद पडलेल्या ओव्हनने भरलेली आहे. पोरगी राहायला येणार असेल तर तो पसारा हलवायला हवा, पलंग घ्यायला हवा. नसेल तर तसं सांगा. पोरीशी फोनवर दर वेळी ठरल्यासारखं बोलणं होतं, पण तुमच्यापैकी मला अजून कोणी धड विचारलेलंच नाही.

बाईंचा पारा एकदम चढला, आणि भलत्याच दिशेने. आपल्या मुलीसाठी कोणाला पलंग जड होतो म्हणजे काय?

"म्हणजे तुला नकोय का ती?"

"हवीये. किती हवीये ते तुला सांगितलं तर तू तिला इकडे पाठवणारच नाहीस." बहीण थांबली. "पण तिने विचारून काय उपयोग, ताई? ती तर विचारतेच आहे. तू विचार ना मला. आई तू आहेस."

बाई काचेखालच्या नकाशाकडे बघत राहिल्या. बहिणीचं शहर तिथे होतं, खाडीच्या वळणावर, नेमकं गिऱ्हाइकांची बोटं टेकून टेकून काच धुरकट झालेल्या जागी. 'किती हवीये' हे ऐकून पोटात दुखलंच. पण शेवटचं वाक्य वेगळं होतं. तिथे बहिणीने त्यांची जागा त्यांच्यासाठी राखून ठेवली होती, स्वतः बळकावली नव्हती.

"विचारते," त्या म्हणाल्या. पण विचारलं नाही. तिकिटांच्या टेबलावरचा सहकारी कान टवकारून बसला होता आणि बाईंना अशा गोष्टी तोंडाने बोलायची सवयही नव्हती. त्यांनी ओव्हन कुठल्या कंपनीचा आहे ते विचारलं. यजमान दुरुस्त करून देतील, म्हणाल्या. लिफ्टपुढे ओव्हन ते काय? "मग मुक्कामच करावा लागेल तुम्हाला," बहीण म्हणाली. "हो, लागेल," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

नवी आखणी त्यांनी त्याच दुपारी केली आणि संध्याकाळी त्याच फोल्डरमध्ये घालून थोरलीच्या टेबलावर ठेवली. ती कानात इअरफोन घालून पलंगावर पडली होती, हातात मोबाइल. बाई कपाटातल्या घड्या केलेल्या कपड्यांच्या पुन्हा घड्या करू लागल्या.

थोरलीने बऱ्याच वेळाने कागद ओढला. बंदराचं शहर थोडं आखडलं होतं. दुसऱ्या शहरात स्टेशनवरून थेट मावशीकडे, आणि मुक्काम तिथेच. कॉलेज तिच्याबरोबर. ओव्हन: बाबा. पलंगाचं दुकान: आई आणि मावशी. शेवटच्या दिवशी जेवण, मग हॉस्टेल, मग गाडी.

एका हाताने ती मोबाइल सरकवत होती. अंगठा थबकला. बाईंनी तो तिरक्या नजरेने पाहिला, तिसऱ्या खुर्चीवरचा पाहतात तसा.

"हॉस्टेल चिमटीत?"

"बरोबर सामान असेल," बाई कपाटाकडे तोंड करून म्हणाल्या. "फार वेळ थांबता येणार नाही. वॉर्डनबाईंना वाईट वाटू नये म्हणून जायचं आपलं."

थोरली उठून बसली. 'थँक्यू' वगैरे म्हणण्याची या घरात पद्धत नाही. तिने कागद पुन्हा वरपासून वाचायला घेतला, आणि या वेळी खालच्या एका ओळीवर अडली.

"रोज पहाटे समुद्रावर फिरणं. मी आणि तू?"

"हो."

"इतक्या पहाटे? मावशी नाही उठत एवढ्या लवकर."

"मला माहितीये," नकाशाबाई म्हणाल्या, आणि घडी केलेला टॉवेल कपाटात सरळ ठेवून त्यांनी दार लावलं.