जावयाने उचलायचं नाही

जेद्दाहून निघण्याआधीच मी अट घातली. ईदच्या सुट्टीत समुद्रावर न्यायचं तर न्या, पण जावयाने मला उचलायचं नाही. कंबरेच्या ऑपरेशननंतर माझे पाय चालत नाहीत. हात चालतात, तोंडही चालतं. खुर्चीतून गाडीत मी हातांच्या जोरावर सरकते. पायऱ्या नकोत, संडासाचं दार रुंद हवं आणि धरायला दांडा हवा, की माझं मी बघते. एवढं मिळेना, तर मी इथेच, जेद्दाच्या अझीझिया भागातल्या लेकीच्या घरी बसून भिंत बघेन.

माझी लेक सुनीता तिथल्या दवाखान्यात नर्स आहे. तिने सगळीकडे फोन लावले. चाकाची खुर्ची म्हटलं की जो तो म्हणे, "माफी मुश्किला" (काही अडचण नाही). हे दोन शब्द ऐकले की समजावं, अडचण आहे.

पहिलं हॉटेल झकास होतं. उतार थेट काचेच्या दारापर्यंत, पुढे लिफ्ट, खोलीत गुळगुळीत फरशी. मी तर खूश होऊन पलंगाभोवती एक चक्कर मारली. मग न्हाणीकडे गेले आणि दारातच अडकले. पुढे जाईना, मागे येईना. विलासरावांनी, म्हणजे आमच्या जावयांनी, खुर्ची मागून ओढली तेव्हा सुटले.

मॅनेजर केरळचा होता. हिंदीत म्हणाला, "अम्मा, बाकी सब ठीक है ना?"

"बाकी ठीक है," मी म्हटलं. "आंघोळ को मैं तुम्हारे टेबल पे आएगी."

तो हसला. आम्ही निघालो.

रस्ता उत्तरेकडे सरळसोट. एका हाताला वाळू, दुसऱ्या हाताला मधूनच निळी रेघ. मी साताऱ्याकडची, समुद्र फक्त एकदा एसटीच्या खिडकीतून पाहिलेला. ती रेघ दिसली की मी विलासरावांना गाडी हळू घ्यायला लावायची. किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीच्या अलीकडे एक इस्तिराहा (सुट्टीला भाड्याने मिळणारं अंगणाचं घर) सुनीताने पक्की केली होती. पोचलो, आणि बघतो तर दाराशी पायऱ्या.

विलासरावांनी बाह्या सारल्या. "आई, एकदाच उचलतो. तुम्ही डोळे मिटा."

"डोळे मिटून माझं वजन कमी होतंय का? जावयाला आम्ही पाट मांडून बसवतो, त्याच्या कडेवर बसत नाही."

"आई, लोक बघतायत," सुनीता दात आवळून म्हणाली.

"बघू देत. तू आत जा. मी इथेच बसते."

मालक फहद उंबऱ्यावर उभा होता. भांडण कशाचं, असं त्याने विचारलं. सुनीताने लाजत लाजत अरबीत सांगितलं. मला वाटलं हसेल. तो हसला नाही. मान हलवून तडक शेजारच्या घरात गेला. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून एका बाईचं गडगडाटी हसू ऐकू आलं, आणि फाटकातून बॅटरीच्या खुर्चीवर बसून एक म्हातारी बाहेर आली. उम्म फहद, म्हणजे फहदची आई. तिकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात.

ती भराभर बोलली. सुनीता म्हणाली, "त्या म्हणतात, तुझं बरोबर आहे. माझ्या जावयाने मला कॉफी ओतून द्यावी, तेवढं पुरे. तू माझ्याकडे राहा."

तिचं घर तिच्या खुर्चीसाठीच बांधलेलं. उंबरा नाही, दांडे जिथे हवेत तिथे, न्हाणीघरात बैलगाडी वळेल. लेक-जावई गेले पायऱ्यांच्या घरात, मी राहिले हिच्याकडे. मला तिची भाषा येईना, तिला माझी. काही अडलं नाही. गहवा (वेलदोड्याची फिकट कॉफी) काढ्यासारखा लागतो, खजुराबरोबर जातो. सय्यादिया (तळलेल्या कांद्यातला मासे-भात) मात्र मी दोनदा घेतला. माझा खर्डा तिने चाखला, डोळे पुसले आणि पुन्हा हात पुढे केला.

सकाळी समुद्र. फरशी संपली तिथे वाळू लागली आणि दोघींच्या खुर्च्या रुतल्या. पाणी समोर, हात पुरत नाही एवढंच. विलासराव पुढे झाले, पण माझ्याकडे बघून थांबले.

उम्म फहदने हाळी दिली, "यल्ला!" (चला!) घरातून तिच्या सुना आल्या, अंगापिंडाने दणकट. फहद आणि विलासराव यांना भिंतीमागे हाकललं. प्लास्टिकच्या खुर्च्यांत बसवून सुनांनी आधी सासूला पाण्यात नेलं, मग मला. मी सगळ्या रस्त्याने ओरडत होते आणि त्या हसत होत्या.

पाणी कोमट. बसते न बसते तोच खुर्चीचा एक पाय खचला आणि मी आडवी. तोंडात खारट पाणी, डोक्यावर आभाळ, आणि माझे पाय आपोआप वर आले, मला न विचारता. तरंगत होते! मी हसायला लागले ती थांबेचना. उम्म फहद मांड्यांवर थापा मारत होती.

भिंतीमागून आवाज आला, "आई! काय झालं? येऊ का?"

"आलात तर बघा!"

जेद्दाला परतलो तेव्हा खुर्चीच्या चाकांतून घरभर वाळू सांडली. सुनीता कुरकुरत झाडत होती. तेवढ्यात गावाहून जाऊबाईंचा फोन आला. त्यांचेही गुडघे गेलेत, त्यांनाही कुठेतरी फिरायला जायचंय. विचारत होत्या, आपल्यासारखीने राहायची जागा बघायची कशी?

मी सांगितलं, "पायऱ्या आहेत का विचारा, दार किती रुंद ते विचारा. पण त्याआधी विचारा, घरात सुना किती, आणि अंगाने कशा आहेत."