लाइट लागलाय, काका

दत्ताकाका काल गेले आणि मला सकाळपासून राहून राहून हसू येतंय.

रडूनही झालंय. पण काकांची आठवण काढायची आणि हसायचं नाही, हे जमणारं नाही.

सुकापूरला त्यांचं खुर्च्या विणायचं वर्कशॉप. काका अंध, विणणारे सगळेच अंध. आईची वेताची खुर्ची दुरुस्तीला नेली, तेव्हापासूनची आमची ओळख.

मध्यंतरी काम अगदीच आटलं. तिथे विणणाऱ्या सुनंदाला घरचे म्हणायला लागले, "आता घरीच बस."

घरी बसणं म्हणजे काय, हे ती आधी बरीच वर्षं भोगून आली होती.

मी कामोठ्याच्या एका शाळेतल्या सरांना गळ घातली. त्यांच्याकडे जाळी फाटलेल्या खुर्च्यांचा ढीग होता. "संध्याकाळी येऊन काम बघतो," म्हणाले.

संध्याकाळी त्यांचा फोन. "मॅडम, इथे अंधार, सामसूम. बंद पडलंय वाटतं. मी निघालो."

मी काकांना फोन लावला. "लवकर बंद केलंत?"

"कुठं बंद? आमी सगळे इथंच हाय. तुझ्या सायबाची वाट बघतोय."

"अहो, ते येऊन गेले! आत अंधार होता म्हणे."

पलीकडून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

"आयला! लाइट!"

मागून सगळ्यांचा हशा. सरांवर छाप पडावी म्हणून काकांनी रेडिओसुद्धा बंद ठेवायला लावला होता!

"पन त्याला डोळे हायेत ना? मग आमी कसे नाय दिसलो?"

दुसऱ्या दिवशी काकांनीच सरांना बोलावलं. "सायेब, या. तुमच्यासाठी लाइट लावून ठेवतो."

सर आले. सगळं बघून भारावले. "तुम्हाला मदत म्हणून काम देतो."

"मदत राहू द्या. आधी बसा. जोर देऊन बसा. झोल पडला तर काम देऊ नका."

सर बसले. चांगले वजनदार आहेत ते. जाळी जराही दबली नाही.

काम मिळालं. सुनंदा घरी बसली नाही.

तेव्हापासून नियम झाला. शेजारच्या देवळात सांजेची घंटा वाजली की कोणीतरी उठून बटण दाबायचं.

"पण काका, ट्यूब उडाली तर कळणार कसं?"

"तू कशाला हायेस? जाता-येता बघत जा."

मग ऑफिसमधून येताना रिक्षातून मान बाहेर काढून मी ओरडायचे, "लागलाय, काका!" रिक्षावाल्यांनाही सवय झाली होती.

आज सकाळी काकांना पोचवून आलो. संध्याकाळी उगाच तिकडे वळले. वाटलं, आज अंधारच असणार.

ट्यूब लख्ख चालू होती. आत सुनंदा एकटीच विणत बसली होती.

"आज तरी बंद ठेवायचं गं."

"घरी बसून काय करू, ताई?" हात चालूच होते. मग हळूच म्हणाली, "लागलाय ना?"

"लागलाय."

काका, लाइट लागलाय.

निवांत जा. मनापासून नमस्कार.