सुलभावहिनीची सुट्टी

दादाचा फोन आला तेव्हा मी भात उतरवत होते. "शैला, सुलभा गेली गं... ये लवकर," एवढंच बोलला. गोडदेवहून शांती नगरपर्यंत रिक्षात मी नुसती बसून होते, डोळ्यांतून टिपूस नाही. लाँड्रीच्या गाळ्यात पोचले तर कुणीच नाही. वहिनीला दवाखान्यात नेलेलं, आणि कपडे वाळवायचं मशीन आपलं गरगरतंय, आत कुणाचे तरी टॉवेल. अटॅक येऊन माणूस उभ्या जागी कोसळलं आणि हे मेलं फिरतंच आहे! बटण बंद केलं. महिना होऊन गेला, माझा राग काही जात नाही.

दादा मुंबईत एका हॉटेलच्या लाँड्रीत होता. ते बंद पडलं तेव्हा तिथला गॅसवरचा ड्रायर त्याने मीरा रोडला आणला. आत ओल्या चादरी टाकायच्या, सिलिंडरच्या गॅसवर आच पेटते, गरम हवेने चादरी खडखडीत. दादा धुणार आणि पोचवणार, वहिनी वाळवणार, इस्त्री करणार. नर्सिंग होमचं काम, म्हणजे रोजचं. गाळ्याला खिडकी नाही, मे महिन्यात तर आत उभं राहवत नसे. कुणाचं लग्न असो, बारसं असो, दादा जायचा, वहिनी मशीनपाशी. "अगं, तू काय या डब्याशी लग्न लावलंयस का?" मी चिडून म्हणायची. "लग्न तुझ्या दादाशीच लावलं, हा आहेरात आला," असं म्हणून हसायची. मला नाही यायचं हसू.

एकदा मशीन गरमच होईना. ड्रम फिरतोय, आत थंडगार. दादाने सिलिंडर बदलला, रेग्युलेटर बदलला, नळी तपासली, देवाचं नाव घेतलं. शेवटी मेकॅनिकने मागच्या भिंतीतून बाहेर जाणाऱ्या पाइपात हात घातला आणि कपड्यांच्या धाग्यांचा हा एवढा बोळा काढला. "भाभी, गॅस का लफडा नहीं है. हवा बाहर नहीं जाएगी तो ये आग पकडेगा ही नहीं." वहिनी टॉर्च धरून उभी होती. तिने ते नीट ऐकून घेतलं.

त्यानंतर काही महिन्यांनी तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, चिपळूणला. दुसऱ्या डोळ्याने म्हातारीला आधीच दिसत नव्हतं. पट्टी सुटताना समोर सुलभा पाहिजे, असा तिने हट्टच धरला होता. वहिनीने दादाला तीनदा विचारलं. दादा नाही म्हणाला नाही, तो कधीच नाही म्हणत नसे. "बघू," म्हणायचा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मशीन पुन्हा थंड पडलं. दादा लागला सिलिंडरच्या मागे. चादरी दुसऱ्या लाँड्रीत पाठवाव्या लागल्या, तेव्हा वैतागून म्हणाला, "आता तू तरी इथे बसून काय करणार? जा, जाऊन ये."

एसटीत बसवायला मी गेले होते. खिडकीतून खाली वाकून ती कानात म्हणाली, "पाइपात माझा जुना परकर कोंबलाय. तुझ्या दादाला बोलू नकोस हं. पट्टी सुटली की येते, मीच काढते." आणि अशी खुदकन हसली म्हणून सांगू! सासरी आल्यापासून तिला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. मीही तोंडाला कुलूप लावलं.

तिसऱ्या दिवशी दादाने चिपळूणला शेजाऱ्यांकडे फोन केला, मशीन चालू झालंय, ये. पट्टी त्याच्या दुसऱ्या दिवशी सुटायची होती. वहिनी रात्रीच्या गाडीने परतली. म्हातारीला पहिल्यांदा दिसली ती नर्स. "मेकॅनिकने काढून फेकला असेल," एवढंच वहिनी मला म्हणाली, आणि इस्त्री तापवायला ठेवली. दादाला कळलं तर काय, या धास्तीत ती पुढे कितीतरी वर्षं होती. पुन्हा कुठे जायचं नाव तिने काढलं नाही.

परवा मी दादाला डबा घेऊन गेले. तो मशीनच्या मागे पाटावर बसला होता. मी ताट वाढलं. जेवता जेवता खाली बघूनच बोलायला लागला.

"मेकॅनिकचं ते बोलणं मीही ऐकलं होतं, शैला. ती चिपळूणला गेली त्याच संध्याकाळी मी पाइपात हात घातला. परकर दिसला... तसाच परत कोंबून ठेवला. म्हटलं, राहू दे तिला आईजवळ."

म्हणजे सगळं माहीत होतं याला! इतकी वर्षं ती बिचारी जीव मुठीत धरून वावरली, आणि हा गप्प.

"मग अजून एक दिवस का नाही ठेवलास?" मी ओरडलेच. "एकच दिवस रे, दादा!"

त्याने पाण्याचा पेला उचलला, तसाच खाली ठेवला.

"कपडे साचले होते गं," तो म्हणाला.